अडीच तास आणि तीन मिनिटं

वस्तीतल्या समाजमंदिरात साखरेच्या आजारावर बैठक होती. मी नेहमीप्रमाणे सांगत होते. रोज अर्धा तास चाला, चहातली साखर कमी करा, वर्षातून एकदा रक्त तपासा. मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी हात वर केला. म्हणाल्या, "सिस्टर, ते समदं खरं. पन तुमी सोता काय करता? का नुसतं आमालाच सांगता?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वय ४४. वॉर्डातल्या नाइट ड्युट्यांमध्ये अनेक वर्षं गेली. नोकरी सोडून वस्तीत काम सुरू केलं, तरी खाण्याची वेळ कधी जागेवर आली नाही. जिना चढताना दम लागायचा आणि मी म्हणायचे, वय झालं. त्या बैठकीनंतर आठ दिवसांनी मी स्वतःचं रक्त दिलं. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. हिमोग्लोबिन १०.४. बाईमाणसाचं १२ च्या वर हवं. माझ्या आईच्या पायाचा अंगठा साखरेपायी काढावा लागला होता, तेव्हा ड्रेसिंग मीच करायचे. त्यामुळे ६.२ चा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठ महिन्यांत जे झालं, ते मैत्रिणींनो, तुम्हाला सांगते आहे. यश सांगायला बसलेले नाही. स्पर्धेच्या निकालाच्या यादीत माझं नाव नाही, हे आधीच सांगून टाकते.

तीन खेळांची एक शर्यत

आधी मी चालायला लागले. महिनाभरात उजवा गुडघा बोलू लागला. फिजिओथेरपिस्ट असलेली एक मैत्रीण म्हणाली, "रोज तेच करू नकोस. एक दिवस सायकल, एक दिवस पोहणं, एक दिवस चालणं-पळणं. गुडघ्याला आराम मिळेल, हृदयाला काम मिळेल." मग हसत म्हणाली, "हे तिन्ही एका दमात केलं की त्याला ट्रायथलॉन म्हणतात."

मला वाटलं, हा श्रीमंतांचा काहीतरी खेळ असणार. थोडं वाचलं. १९७४ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो शहरात काही हौशी धावपटूंनी गंमत म्हणून पोहणं, सायकल आणि धावणं एकाच शर्यतीत जोडलं. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि पहिल्याच वेळी पुरुषांबरोबर बायकांचीही शर्यत झाली. ऑलिंपिकमध्ये दीड किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. त्याच्या बरोबर निम्म्या अंतराच्या शर्यतीला स्प्रिंट म्हणतात. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. मध्ये थांबायचं नाही. कपडे बदलण्याचा, बूट घालण्याचा वेळसुद्धा धरला जातो.

सांगली-कोल्हापूर भागातल्या एका तलावावर जानेवारीत अशी शर्यत आहे, असं मैत्रिणीनं सांगितलं. फी तीन हजार रुपये. त्या महिन्यात माझी भिशी लागली होती. भिशीचे पैसे पाण्यात घालणार का, असं घरच्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, खरोखरच पाण्यात.

तयारी: आधी रक्त, मग पळणं

तयारीची सुरुवात गोळ्यांनी झाली. १०.४ हिमोग्लोबिन घेऊन पळायला लागणं म्हणजे अर्ध्या टाकीवर घाट चढणं. रक्तातलं हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. तेच कमी असेल तर हृदयाला जास्त वेळा धडधडावं लागतं आणि बाई म्हणते, मला झेपत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा जणी बसल्या असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी. आपण त्याला आळस म्हणतो, अशक्तपणा म्हणतो, नाहीतर बाईची जात म्हणून सोडून देतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं मी तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर किंवा चहानंतर लगेच घ्यायची नाही, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झालं. मी अजून धड पळतही नव्हते, तरी जिन्यावरचा दम निम्मा झाला होता.

सायकल जुनी घेतली, साडेचार हजारांची, साध्या हँडलची. हेल्मेट मात्र नवं घेतलं. जुन्या हेल्मेटला आतून तडा गेलेला असला तर तो दिसत नाही. वस्तीतल्या सायकल दुकानदारानं मला दोन गोष्टी शिकवल्या, पंक्चर काढायचं आणि उतरलेली चेन बसवायची. दुसरी गोष्ट पुढे कामाला आली.

पळण्याचं मी मुलींना सांगते तसंच केलं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं. हळूहळू दोन मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पावडरी, डबे काही घेतले नाहीत. भाकरी, डाळ, अंडी, भिजवलेले शेंगदाणे, केळी, हिरव्या भाज्या. फरक एवढाच केला की सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरलेलं खायचं, ही सवय सोडली. वाटतं तितकं ते सोपं नव्हतं.

पाण्याची भीती

खरी परीक्षा पाण्याची होती. मला पोहता येत नव्हतं. आमच्या लहानपणी मुलं खाणीत, कॅनॉलमध्ये उड्या मारून शिकायची. मुली काठावर कपडे सांभाळत बसायच्या.

सार्वजनिक तलावावर चौकशी केली. बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन. दुपारी दोनला कोणती बाई मोकळी असते? धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या दुसऱ्या घरी असतात, सफाई काम करणाऱ्या सकाळपासून राबून नुकत्या आडव्या झालेल्या असतात, आणि बाकीच्यांना पोरांची शाळा सुटायच्या आत घरी पोचायचं असतं. माझं काम माझ्या हातातलं म्हणून मला जमलं. तासाला आम्ही सहा-सात जणी असायचो. वस्तीतली मी एकटीच.

पहिल्या दिवशी पोहण्याचा पोशाख घालून खोलीतून बाहेर यायलाच दहा मिनिटं लागली. शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, म्हणाल्या, "डोकं पाण्यात घाला आणि बुडबुडे काढा." पंधरा दिवस मी फक्त बुडबुडे काढले. त्यामागचं कारण समजून घ्या. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास कोंडून धरतो. आतला कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि जीव गुदमरल्यासारखा होतो. माणूस वर येऊन घाईनं हवा ओढायला जातो, पण छाती आधीच भरलेली असते. म्हणून पाण्यात तोंड असताना श्वास सोडायचा आणि तोंड वर आलं की फक्त घ्यायचा. हे एवढं जमलं आणि मी तरंगायला लागले. सहा महिन्यांत २५ मीटरच्या तलावात ३० फेऱ्या, म्हणजे ७५० मीटर, थांबत-थांबत पूर्ण व्हायला लागल्या.

शर्यतीचा दिवस

पहाटे साडेपाचला तलावाकाठी अंधार आणि धुकं. दंडावर मार्करनं नंबर लिहिला, घोट्याला वेळ मोजणारी चिप बांधली. सायकली ओळीनं लोखंडी दांड्याला टांगलेल्या. शेजारची सायकल पाहून मी किंमत विचारली आणि विचारल्याचा पश्चात्ताप झाला. आपली साडेचार हजारांची सायकल जरा पुढे सरकवून ठेवली. टॉवेल अंथरला, त्यावर बूट, मोजे, हेल्मेट आणि पाण्याची बाटली मांडली. दोन तास आधी दोन केळी आणि गुळाची पोळी खाल्ली होती, त्यानंतर काही नाही.

भोंगा झाला. सगळ्यांच्या मागे राहायचं, हे मी ठरवूनच गेले होते.

पोहण्याच्या तलावात खालच्या फरश्या दिसतात. इथे पाण्यात डोकं घातलं आणि काहीच दिसेना. स्वतःचा हातसुद्धा नाही. वर थंडी, आजूबाजूला लाथा, पाणी उडतंय. शंभर मीटरवर माझा श्वास सुटला. सहा महिन्यांचे बुडबुडे विसरले आणि छाती बांधल्यासारखी झाली. त्या क्षणी मी नर्स नव्हते. आईच्या पायाचं ड्रेसिंग, घरी असलेला मुलगा, तीन हजार रुपये, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं.

मग शिकवलेलं आठवलं. उताणी झाले, हात वर केला. कयाक, म्हणजे चिंचोळी होडी, घेऊन फिरणारा एक मुलगा जवळ आला. "ताई, धरा. घाई नाही." नियम असा आहे की होडी धरून दम खाता येतो, फक्त तिच्या आधारानं पुढे सरकायचं नाही. मी दोन्ही हातांनी होडी धरून ठेवली. छातीत दुखतंय का, डाव्या हातात काही होतंय का, डोळ्यांपुढे अंधारी येतेय का, हे स्वतःलाच विचारलं. नव्हतं. असतं तर तिथेच शर्यत सोडली असती. हे मी मुद्दाम सांगते. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात अशा शर्यतींमध्ये अचानक झालेल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यातले सुमारे दोन तृतीयांश पोहताना झालेले होते. पाण्यात मर्दुमकी दाखवायची नसते.

पाच मिनिटं तरी गेली असतील. मग तोंड पाण्यात घातलं आणि बुडबुडे काढले. एक, दोन, तीन, श्वास. पुढचा नारिंगी फुगा एवढंच लक्ष्य. तो गाठला की पुढचा. मध्येच दमले की बेडकासारखे हातपाय मारायचे. काठाला पाय लागले तेव्हा ३४ मिनिटं झाली होती. पोहण्याची मर्यादा ४० मिनिटांची होती.

ओल्या पायात मोजे चढवायचा प्रयत्न तुम्ही कधी केलाय का? करू नका. त्यात आणि लेगिंग सारखी करण्यात माझी सात मिनिटं गेली. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, हा इथला कडक नियम. आपल्या रस्त्यांवर हा नियम असता तर किती डोकी वाचली असती, असं वाटून गेलं.

सायकलवर मला पहिल्यांदा मजा आली. उसाच्या शेतांमधून रस्ता, ऊन नुकतं वर आलेलं. बारा किलोमीटरवर चढ लागला आणि चेन उतरली. खाली उतरले, चेन मागच्या दात्यावर टाकली, पॅडल उलटं फिरवलं, चेन बसली. हात काळे झाले. तीन मिनिटं गेली. कुणी मदतीला थांबलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याचं वाईट वाटलं नाही.

सायकल ठेवून पळायला लागले तर पाय माझे नव्हतेच. लाकडाचे ओंडके. तासभर गोल फिरायची सवय झालेल्या स्नायूंना पळण्याची चाल पुन्हा पकडायला काही मिनिटं लागतात. दीड किलोमीटरवर पाय सुटले. तोवर साडेनऊ वाजले होते आणि ऊन लागायला लागलं होतं. दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल. पाणी देणाऱ्या टेबलावर दोन-तीन घोट घ्यायचे. नुसतं पाणी ढसाढसा प्यायचं नाही. घामावाटे मीठ जातं आणि वर भरमसाठ साधं पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. माझ्या बाटलीत ओआरएस होतं, लिटरभर पाण्यात एक पाकीट.

शेवटच्या किलोमीटरला घड्याळ पाहिलं तेव्हाच कळलं, नाही होणार. अडीच तासांची मर्यादा होती. तिथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. जोरात पळायचं किंवा बसून जायचं. मी दोन्ही केलं नाही. दोन मिनिटं पळ, एक मिनिट चाल.

कमानीखालून गेले तेव्हा घड्याळात दोन तास तेहतीस मिनिटं होती. यादीत माझ्या नंबरापुढे "वेळेत नाही" असं आलं. मंडप सोडायला लागले होते. एका मुलीनं खोक्यात उरलेलं पदक माझ्या हातात ठेवलं. मी परत करायला गेले, तर ती दुसऱ्या कामाला निघूनही गेली होती.

मावशींचा प्रश्न

पुढच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. तीन मिनिटांनी नापास झाले, हेही. त्याच मावशी मागे भिंतीला टेकून होत्या. म्हणाल्या, "बुडाली न्हाईस ना? मग पास."

मग एक पंचविशीतली मुलगी म्हणाली, "ताई, माझा भाऊ खाणीत बुडून गेला. मला पोहायला शिकायचंय. पण दुपारी दोनला कसं येणार?" कुणी काही बोललं नाही. पावसाळ्यानंतर भरलेल्या खाणी, कॅनॉल, बांधकामाचे खड्डे यांनी किती घरांतली मुलं नेलीत, हे आपल्या वस्त्यांना सांगायला नको. पोहणं येणं ही हौस नाही, टीका-लशीसारखंच संरक्षण आहे.

त्या दिवशी अकरा जणींच्या सहीचा अर्ज तयार झाला. बायकांना सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी एक तास द्या, आणि वस्तीतल्या मुलींची फी कमी करा. तीन हेलपाटे झाले. सध्या फक्त रविवार सकाळचा एक तास मिळाला आहे. फीबद्दल उत्तर नाही. दुसरा अर्ज दिला आहे.

माझं म्हणाल तर शर्यतीनंतरच्या तपासणीत एचबीए१सी ५.८ आलं. उंबरठा अजून पूर्ण ओलांडून मागे आलेले नाही. गुडघा थंडीत अजून बोलतो. पण जिना चढताना आता मी "वय झालं" म्हणत नाही.

तुमच्यासाठी

ट्रायथलॉन करा, असं मी कुणालाच सांगणार नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल अशी हालचाल करायला सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम. दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतं.

सुरुवातीआधी हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. चालताना छातीत दाब येत असेल, चक्कर येत असेल, घरात कुणी तरुणपणी हृदयविकारानं गेलं असेल, किंवा साखरेची इन्सुलिन-गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व्यायामाला जाताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला की लगेच खा.

पायांना आग होत असेल किंवा बधिर वाटत असेल, तर अनवाणी चालू नका आणि रोज रात्री तळपाय बघा.

मुलांना खाणीवर, कॅनॉलवर एकटं जाऊ देऊ नका. कुणी बुडताना दिसलं आणि तुम्हाला पोहता येत नसेल, तर उडी मारू नका. साडी, दोरी, बांबू, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढलेल्या माणसाला उलटं टांगू नका, पोट दाबू नका. त्यात जाणारी मिनिटं जिवाची असतात. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, तोंडानं श्वास द्या, छातीच्या मधोमध दाब द्या आणि १०८ ला फोन करा. हे हातानं करून पाहिल्याशिवाय येत नाही. पुढच्या महिन्याच्या बैठकीत बाहुलीवर शिकवणार आहे.

आणि रविवारी सकाळी सहाला तलावावर या. गेल्या आठवड्यात नऊ जणी होत्या. मावशीही होत्या, काठावर पाय सोडून. पुढच्या रविवारी बुडबुडे काढते म्हणाल्यात.